तुम्ही विचारलंत म्हणून: डग्गा मांडीवर का?

नाशिकला ठक्कर बाजार बसस्थानकाच्या फलाटावर उभा राहिलो की हा प्रश्न हमखास येतो. तबल्याची पिशवी खांद्याला, डग्गा, म्हणजे जोडीतलं डाव्या हाताचं मोठं वाद्य, दोन्ही हातांत, आणि शेजारचा प्रवासी म्हणतो, "वर ठेवा की भाऊ, जागा आहे रॅकवर." मी नको म्हणतो. गाडी सुटली की पुन्हा तेच: "मांडीवर कशाला? जड नाही होत?" होतं ना. साडेतीन किलोचं तांबं आहे, आणि संगमनेर ओलांडेपर्यंत मांड्यांना मुंग्या येतात. गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुलींनीही विचारलं, तेव्हा म्हटलं, एकदा नीट सांगूनच टाकू.

आजवर मी सगळ्यांना एकच उत्तर देत आलो, की पुडी जपावी लागते. ते खरंच आहे. पुडी म्हणजे वाद्याच्या तोंडावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. त्यावर लोखंडाचा कीस आणि खळ यांची शाई, थरावर थर देऊन दगडानं घोटलेली. कारागिराचे तासन्‌तास तिच्यात जातात आणि कुणाच्या ट्रंकेचा कोपरा लागला की टवका उडतो. त्यात आपला जिल्हा असा, की इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सिन्नरकरांचे डोळे आभाळाकडे. श्रावणात घोटीला उतरावं तर कातडं दमट होऊन काळी एकचा तबला पांढरी एकवर, म्हणजे अर्ध्या सुरानं खाली घसरतो. मे महिन्यात मालेगावच्या मांडवात तोच तबला इतका चढतो, की वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, तुटते की काय असं वाटतं. वाजवणाऱ्याला हे सगळं हातोडीनं सावरावं लागतं. म्हणून वाद्य अंगाजवळ असलेलं बरं.

पण हे अर्धं उत्तर झालं. आमच्या मंडळींनी रस्त्यावर काय काय पाहिलंय ते सांगितल्याशिवाय उरलेलं अर्धं कळायचं नाही.

पौषवारीचीच गोष्ट घ्या. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, नाशिकपासून सगळा रस्ता दिंड्यांनी भरून जातो. आम्ही एका कीर्तनाच्या साथीला जीपनं निघालो होतो आणि अंजनेरीच्या अलीकडे चाक बसलं. आमच्या पखवाजियांनी विचार केला, चाक बदलेस्तोवर पखवाज लावून ठेवू. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पीठ-पाण्याचा गोळा कातड्यावर थापायचा, आस, म्हणजे नादाची गुंज, बघून कमी-जास्त करायचा, मग तो घुमारा येतो. त्यांनी घरून फडक्यात गुंडाळून आणलेली कणीक मन लावून थापली, पखवाज बांधाला टेकवला आणि जॅक धरायला आले. चाक चढलं, वळून बघतो तर एक तांबडी शेळी डोळे मिटून पखवाज चाटतेय. कातड्यावर कणकेचा कणही शिल्लक नाही, फडक्यातलीही गेली. शेळीच्या दाढीला पीठ.

आता कणीक आणायची कुठून? एकादशी! अख्ख्या रस्त्यावर साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. दिंडीच्या ट्रकवर पोत्यांनी शिधा, पण त्या दिवशी पिठाच्या पोत्याचं तोंड कोण सोडणार? आमचे पखवाजी दारोदार फिरू लागले आणि "माउली, कणीक आहे का?" म्हटल्यावर लोक त्यांच्याकडे बघत राहायचे, एकादशीला हा टाळकरी पोळ्या मागतोय म्हणून. शेवटी एका घरात लहान पोरासाठी पोळ्या चालल्या होत्या. वहिनींनी परात पुढं ओढत विचारलं, "किती पोळ्यांची देऊ?" हे म्हणाले, "एकीची पुरे, पण तेल-मीठ नको." वहिनींनी वेगळं पीठ घेऊन तिथल्या तिथं मळून दिलं, आणि हे काय प्रकरण आहे ते बघायला पोराला कडेवर घेऊन थेट जीपपर्यंत आल्या. पहिली थाप पडली तसं ते पोर असं खदखदून हसलं, की पखवाजियांनी रस्त्यातच त्याला अख्खा धुमाळीचा ठेका ऐकवला. कीर्तनाला पंधरा मिनिटं उशीर झाला. महाराजांनी कारण ऐकलं आणि शेळीची गोष्ट थेट निरूपणात घेतली.

आमच्या ताईंचं कांदापुराणही जुन्या साथीदारांत अजून रंगतं. ताई म्हणजे आमच्या गायिका. त्यांचा तंबोरा मिरजेचा, त्याच मिरजेचा जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूरकडचा, वाळला की ठणठणीत वाजतो, पण एका दणक्यात तडकतो. म्हणून मिनीबसमध्ये तंबोऱ्याला स्वतंत्र सीट असायची आणि थंडीत ताई त्याला आपली शाल पांघरायच्या. धुळ्याच्या वाटेवर चांदवडला रात्री चहाला थांबलो. निघताना ड्रायव्हरदादांनी मागं वळून डोकी मोजली, बरोबर भरली, गाडी सुटली. राहुड घाट उतरलो, मालेगाव आलं, तेव्हा पेटीवाल्यांनी हाक मारली, "ताई, पाणी देऊ का?" उत्तर नाही. दमल्या असतील म्हणून शाल जरा सरकवली, तर आत तंबोरा. त्याच क्षणी शालीतून ताईंचा मोबाईल वाजायला लागला. पलीकडून ताईच, कुणाच्या तरी फोनवरून: "मी कांद्याच्या पिकअपमध्ये आहे. थांबा तिथंच." दहा मिनिटांत पिकअप आली. ताई ड्रायव्हरशेजारी बसलेल्या, मांडीवर त्याचा जेवणाचा डबा, केसांत कांद्याची फोलपटं. त्या पोरानं माल उतरवायचा सोडून तासभर गाडी आमच्या मागं धुळ्यापर्यंत आणली, कार्यक्रम ऐकायचाच म्हणून. पहिल्या रांगेत बसला होता. मध्यंतरात ताईंनी त्याच्यासाठी म्हणून एक अभंग वेगळा गायला.

आता माझ्या डग्ग्याचं.

१९९८ ची दिवाळी नुकतीच झाली होती. संगमनेरला कार्यक्रम, मी एकटाच दुपारच्या गाडीनं निघालो. माझ्या आईनं डग्ग्यासाठी जुन्या गोधडीची पिशवी शिवली होती, निळ्या-तांबड्या ठिगळांची, तोंडाला नाडी. गर्दी फार, म्हणून ती मी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जागेत ठेवली आणि मागं जाऊन उभा राहिलो. सिन्नरला बरीच माणसं उतरली. संगमनेरला पिशवी उचलली तेव्हाच ती हलकी लागली, पण घाई होती. रंगमंचावर नाडी सोडली, तर आत ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यावर फडकं घट्ट बांधलेलं, फडक्याखाली डिंकाचे लाडू. तुपाचा वास माइकपर्यंत गेला असेल. पेटीवाले म्हणाले, "एक तरी देता का?" मी म्हटलं, बाळंतिणीचे लाडू आहेत, हात लावायचा नाही कुणी. गावातल्या भजनी मंडळानं देवळातला डग्गा आणून दिला, कार्यक्रम झाला, चांगला झाला. पण रात्रभर माझा डोळा लागला नाही. तो डग्गा माझ्या गुरुजींनी दिलेला. कुणाच्या हातात पडला असेल, कुणी पाणी तापवायला तर घेतला नसेल ना, असं काहीबाही मनात येत होतं.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं सिन्नरला उतरलो. कुणाला विचारायचं हेही ठाऊक नव्हतं. आणि समोरच्या बाकावर नऊवारीतल्या एक आजी बसलेल्या, मांडीवर निळ्या-तांबड्या ठिगळांची गोधडीची पिशवी, दोन्ही हात तिच्याभोवती. शेजारी त्यांचा नातू पेंगत होता.

"तुम्हीच का ते वाजवणारे बाबा?" त्यांनी माझ्या हातातलं पातेलं बघून विचारलं.

काल त्या लेकीकडे गेल्या, पिशवी उघडली आणि सगळं घर हे काय म्हणून गोळा झालं. नातवानं ओळखलं. रात्री परत गाडी नव्हती, म्हणून त्या पहाटे चारला बैलगाडीनं स्टँडवर आल्या होत्या. "माणूस येईलच म्हटलं. लाडवासाठी नाय, पण ह्याच्यासाठी येईल." मी म्हटलं, आजी, एवढं जड, बाकावर ठेवायचं होतं. तर म्हणाल्या, "देवाचं वाजवायचं, खाली कसं ठिवू?" रात्री देवापुढं पाटावर ठेवला होता, हळदकुंकू वाहिलं होतं. शाईला हात लावायचा नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण हळद बरोबर कडेला, चाटीवर वाहिलेली. तेवढ्यात नातू जागा झाला आणि त्यानं विचारलं, "वाजवून दाखवता का?" मी तिथंच बाकावर बसलो, डग्गा मांडीवर घेतला आणि नुसत्या डाव्या हातानं वाजवला. तिकीटखिडकीतले भाऊसुद्धा बाहेर आले.

लाडू आजींनी मोजले नाहीत. पाच लाडू कागदात बांधून माझ्या झब्ब्याच्या खिशात कोंबले, नको म्हणालो तरी. "पोरगा झालाय माझ्या लेकीला, तोंड गोड करा."

त्यानंतर त्या डग्ग्याच्या पुड्या चार वेळा बदलून झाल्या. ती पुडी मात्र घरी खिळ्याला टांगलेली आहे, चाटीवरचा पिवळा डाग अजून दिसतो. शिकायला येणाऱ्या मुलींनी तोच बघून विचारलं होतं.

नाशिकची गाडी लागली तशा आजी दारापर्यंत आल्या. मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी खालून गजावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मांडीवरच असू द्या हो बाबा. खाली नका ठिवू."