उघड्या शेडमधली शाळा

आज इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्रीच्या ऑर्थोपेडिक (हाडांच्या) हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगचा पहिला दिवस. पाटीवर दोन नावं, रॉबर्ट जोन्स आणि ॲग्नेस हंट. ॲग्नेसबाई लहानपणीच हाडाच्या आजाराने अधू झाल्या, तरी नर्स झाल्या. 1900 साली बॅसचर्च गावात त्यांनी अपंग मुलांसाठी शुश्रूषेचं घर उघडलं. पेशंट उघड्या शेडमध्ये, मोकळ्या हवेत! लिव्हरपूलचे सर्जन जोन्स तिथे येऊन ऑपरेशनं करायचे. 1921 मध्ये सगळं इथे हलवलं.

आत्याचे यजमान ह्यू ओवेन थॉमस यांच्या थॉमस स्प्लिंटचं (मोडलेला पाय स्थिर ठेवणाऱ्या आधाराचं) महत्त्व जोन्सनी पहिल्या महायुद्धात पटवून दिलं. आपल्याकडचे कितीतरी सर्जन पुढे लिव्हरपूलला एम.सीएच. ऑर्थो, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेतली पदवी, करून गेले. माझे सरही त्यांतलेच. मांडीच्या फ्रॅक्चरला स्प्लिंट कसा बांधायचा, हे त्यांनीच हात धरून शिकवलं. संध्याकाळी त्यांना फोन केला. पाटीचा फोटोही पाठवला.