बाभळीचं लाटणं

"बाजारमा पन्नास रुप्याले भेटस, काबर इतला कुटाणा करस?"

शेजारच्या आजी ओट्यावरून बोलल्या. मी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, बाभळीचं लाटणं कातत होतो.

बाभूळ चिवट. पटाशीची धार जरा उतरली की लाकूड खडखडतं. ताजी धार असली तर लांब, तलम सालपट सुटतं. आजींनी त्यातलंच एक उचललं, वास घेतला. "मना बाप गाडानं चाक याच लाकूडनं करे."

मग पन्नास रुपयांचा विषयच निघाला नाही.

आता धुळ्यात प्लायवूड-सनमायकावाले गल्लोगल्ली. पोटाचा प्रश्न आहे, त्यांना काय बोलणार? पण हाताने लाटणं करणाऱ्याला हिशेब विचारतात आणि चार तास मॅच बघणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे खटकतंच.

कुणाच्या माळ्यावर जुना रंधा पडलाय का? भंगारात देण्याआधी मला कळवाल?