ग्लासाखालचा मुंगळा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘दोन शब्द लिहून द्या’ असं पत्र आलं. खरं सांगतो, मैदान, गॅदरिंग, पीटीच्या सरांची शिट्टी, यातलं काही डोळ्यांपुढे आलं नाही. आल्या त्या इंग्रजीच्या बाई, आठवी ‘ब’ मध्ये टेबलाशी उभ्या.

साल १९८४. भाषांतराला वाक्य होतं, ‘मूठभर मावळ्यांनी खानाच्या फौजेवर मात केली.’ मी डिक्शनरीत शोधून ‘मात’साठी ‘ओव्हरव्हेल्म’ लिहिलं. वर्गात एवढा लांब शब्द कुणाचाच नव्हता, त्यामुळे छाती पुढे काढून वही दाखवायला गेलो.

“शब्द भारी आणलायस,” बाई म्हणाल्या, “पण लावलायस उलटा. फौज कुणाची मोठी?”

“खानाची.”

“मग कोण कुणाला बुडवणार?”

मी गप्प. बाईंनी शिपायाला हेडसरांच्या खोलीतून काचेचा ग्लास आणायला पिटाळलं. तो फक्त पाहुण्यांसाठी असायचा, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. टेबलावर एक काळा मुंगळा फिरत होता. बाईंनी ग्लास त्याच्यावर पालथा घातला.

“व्हेल्म म्हणजे हे. पालथं घालणं, झाकून टाकणं. नुसता व्हेल्म आता कुणी फारसं म्हणत नाही. त्याला ओव्हर जोडलं की पूर येतो, गर्दी येते, दुःख येतं. वरून येतं आणि वाट ठेवत नाही.”

मुंगळा काचेला धरून गोल गोल फिरत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “बाई, मरंल की ओ ते!”

“मरत नाही. बघा त्याच्याकडे. हा ग्लास उचलून बाहेर आला, तर त्यानं काय केलं म्हणायचं?”

“ओव्हरकम!” पहिल्या बाकावरच्या मुली. नेहमीप्रमाणे.

मोठ्यानं लहानावर केलं ते ओव्हरव्हेल्म, लहानानं मोठ्यावर केलं ते ओव्हरकम, हा बाईंचा नियम. पुढे मोठे शब्दकोश पाहिले तर नियम इतका कडक नाही निघाला. तरी मी आजही बाईंचाच पाळतो. चोराला चौघांनी दाबून धरला की ओव्हरपॉवर. ‘ओव्हरकम्ड’ लिहिणाऱ्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं, कारण रूपं ओव्हरकम, ओव्हरकेम, ओव्हरकम. आणि त्यातली गंमत म्हणजे, हाच ओव्हरकम कर्तरी असेल तर तुम्ही अडचणीवर मात करता. कर्मणी झाला की शोक तुमच्यावर मात करतो. क्रियापद तेच, पण तुम्ही जिंकायचे ते हरता. हे मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकानं इतकं सोपं करून सांगितलं नाही.

मी पाटबंधारे खात्यात इंजिनीअर झालो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात आम्ही कार्यालयात किती रात्री काढल्या ते मोजलं नाही. नंतर इंग्रजीत अहवाल करायचा होता. मसुद्यात कुणीतरी पुरानं शहराला ‘ओव्हरपॉवर’ केलं असं लिहिलं होतं. मी ते खोडून ‘ओव्हरव्हेल्म’ केलं. साहेबांनी तेही खोडून ‘अफेक्टेड’ केलं. सरकारी कागदावर पूर असाच उतरतो!

हल्ली आमच्या ऑफिसातली पोरं दोन फायली जास्त आल्या तरी ‘ओव्हरव्हेल्म झालोय’ म्हणतात. मला तो ग्लास आठवतो. शाळेत आता भिंतीवर डिजिटल फळा आलाय, सेमीच्या तुकड्या आल्यात. चांगलंच आहे म्हणा. पण त्या फळ्यावर मुंगळा कसा फिरणार?

हे लिहायच्या आधी बाईंना फोन केला. मुलाकडे पुण्यात असतात, ऐकू कमी येतं. मी ग्लासाचं सगळं सांगितलं, दोनदा, मोठ्यानं.

“कुठला मुंगळा रे?” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “सोडला होता ना मी त्याला?”

“सोडलात की, बाई. खिडकीत.”

घंटा झाल्यावर मैदानाकडे सगळ्यात आधी पळालेला मीच होतो.

— एक माजी विद्यार्थी, आठवी ‘ब’