तुम्ही विचारलंत म्हणून: झरा नसेल तर वॉटरक्रेस येतो का?

“घरी वाहतं पाणी नाही, पंप बसवायची हौस नाही, मग कुंडीत वॉटरक्रेस येईल का?” हा प्रश्न सारखा येतो. वॉटरक्रेस म्हणजे वाहत्या गार पाण्यात वाढणारी, पानं कच्ची खाता येणारी पालेभाजी. ती कुंडीतही येईल, आणि भरपूर येईल. झऱ्याच्या पाण्यातून या वनस्पतीला गारवा, ऑक्सिजन आणि थोडं थोडं खाद्य सतत मिळत राहतं. हे सगळं ट्रेमधल्या पाण्यातूनही देता येतं, फक्त ते पाणी शिळं होऊ द्यायचं नाही.

बियाणं घेताना मात्र जरा बघून घ्या. अळीव हा वॉटरक्रेस नव्हे. कूळ मोहरीचंच, पण झाड वेगळं. पाकिटावर नुसतं ‘नास्टर्टियम’ लिहिलं असेल तर बहुधा ते केशरी-पिवळ्या फुलांच्या शोभेच्या वेलाचं बी असतं. तुम्हाला हवं ते ‘नास्टर्टियम ऑफिसिनाले’.

बियांपेक्षा काड्यांवरून लावणं सोपं. ताज्या जुडीतल्या दहा-बारा सेंमीच्या, पोकळ पण कडक काड्या निवडा. खालची पानं काढा आणि निदान दोन पेरं बुडतील इतक्या पाण्यात उभ्या ठेवा. पाणी रोज बदला. पेराच्या सांध्यातून दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटतात, बहुतेक वेळा आठवड्याच्या आत. ती दोन-तीन सेंमी झाली की कुंडीत लावा. जास्त लांब झाली तर लावताना तुटतात. बी पेरायचं असेल तर ते फार बारीक असतं, त्याला उजेड लागतो. ओल्या मातीवर भुरभुरा, हलकं दाबा, माती लोटू नका. आठ ते पंधरा दिवसांत उगवतं.

कुंडी वीसेक सेंमी रुंद, पंधरा सेंमी खोल, तळाला भोकं असलेली. माती दोन भाग, कुजलेलं कंपोस्ट एक भाग, जाड वाळू एक भाग. कोकोपीट जास्त घातलं तर कुंडी भरताना पाण्यावर तरंगतं, म्हणून वर बारीक खड्यांचा पातळ थर द्या. अशा कुंडीत पाच-सहा काड्या पुरतात. कुंडी ट्रेमध्ये ठेवून ट्रेत तीन ते पाच सेंमी पाणी ठेवा.

आता खरं काम. ट्रेतलं पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण ओतून टाका आणि नवं पाणी ट्रेत नव्हे, कुंडीत वरून घाला. वरून उतरणारं पाणी मातीत साचलेले क्षार धुऊन नेतं आणि मागोमाग मुळांपर्यंत हवा ओढून घेतं. नुसती ट्रेत भर घालत राहिलात तर क्षार वर चढून कुंडीच्या काठावर पांढरे पापुद्रे धरतात, खाली माती काळी पडते आणि कुजका वास सुटतो. हे झालंच तर माती वाचवत बसू नका. वरच्या निरोगी शेंड्यांच्या काड्या करून नव्याने लावा. दर दोन दिवसांनी पाणी बदललं की डासांचा प्रश्नही सुटतो, कारण अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. ट्रेच्या कडा मात्र दर वेळी घासा, अंडी तिथे चिकटलेली असतात. हिरवं शेवाळ धरत असेल तर उघड्या पाण्यावर उजेड पडू देऊ नका.

ऊन सकाळचं तीन-चार तास पुरे. दिवस मोठे झाले आणि पारा २५ अंशांच्या वर टिकू लागला की शेंडे उंच होतात, बारीक पांढरी फुलं येतात आणि पानं कडवट होतात. फुलांचे शेंडे खुडून थोडे दिवस मिळतात, इतकंच. जुनी पानं सगळीच पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. द्रवखत दर दोन आठवड्यांनी, लेबलवरच्या मात्रेच्या निम्मं. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. पान कच्चं खायचं आहे, तेव्हा कीटकनाशक नकोच.

काडी पंधरा सेंमी झाली की वरचा भाग कापा, खाली पाचेक सेंमी राहू द्या. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. वारंवार कापलं तरच झाड दाट होतं.

एक गोष्ट नीट ऐका. जुडी ओढ्यातली असेल आणि तिथे गुरं-मेंढ्या चरत असतील, तर पानांवर यकृतकृमीची, म्हणजे यकृतात राहणाऱ्या परजीवी कृमीची, कोशावस्था चिकटलेली असू शकते. ती धुण्याने खात्रीने जात नाही, शिजवल्याने मरते. म्हणून लावलेल्या काड्यांवरची मूळची पानं कच्ची खाऊ नका. नळाच्या पाण्यावर फुटलेली नवी पानंच खा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून खा, कारण यात के जीवनसत्त्व बरंच असतं.