बाराची तिहाई

शंभराचे तीन वाटे करायला बसलं की एक उरतोच. 1957 च्या एप्रिलात दशमान नाणी येईपर्यंत रुपयाला ही अडचण नव्हती. 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. तिघांत वाटल्या तर प्रत्येकी 5 आणे 4 पै, भांडण नाही. पाच जणांत मात्र वाटता यायच्या नाहीत, दोन पै उरायच्या. हिशेबाला दशमान बरं, वाटणीला जुना रुपया बरा, असं माझं मत आहे.

192 चे विभाजक काढायचे तर जोड्या लावाव्यात: 1×192, 2×96, 3×64, 4×48, 6×32, 8×24, 12×16. थांबायचं कुठे? 14×14 म्हणजे 196, ते 192 च्या पुढे गेलं, तेव्हा 13 पर्यंत तपासलं की काम संपलं. पुढे जे सापडेल ते आधीच कुठल्या तरी जोडीत आलेलं असतं. सात जोड्या, चौदा विभाजक. शंभराचे नऊच, कारण 10×10 या जोडीत दहा एकदाच मोजायचा. विभाजकांची संख्या विषम आली की समजावं, संख्या वर्ग आहे. मुलं चुकतात ती बहुधा क्रम सोडून सुचतील तसे विभाजक लिहितात म्हणून. मग 8×24 हमखास निसटतं, नाहीतर 1 आणि ती संख्या स्वतः राहून जाते.

सामाईक विभाजकाची खरी किंमत फरशी बसवताना कळते. 10 फूट बाय 12 फूट खोली म्हणजे 120 आणि 144 इंच. मूळ अवयव पाडत बसण्यापेक्षा वजाबाकी करावी: 144 मधून 120 गेले, उरले 24. दोघांना भागणारी संख्या त्यांच्या फरकालाही भागतेच, आणि 24 ने 120 ला पूर्ण भाग जातो. म्हणून मसावि (महत्तम सामाईक विभाजक) 24. दोन फुटी चौरस फरशी घेतली तर 5×6, तीस फरश्या, एकही कापायची नाही (सांध्यांची जागा सोडून बोलतोय). खोली 11 बाय 13 निघाली की दोन फुटीला कटर लागलाच.

लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) याच्या उलट दिशेचा: दोन्ही संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. उत्तराची झटपट पारख अशी की मसावि लहान संख्येपेक्षा मोठा येत नाही आणि लसावि मोठ्या संख्येपेक्षा लहान येत नाही. नावांतले ‘महत्तम’ आणि ‘लघुतम’ ऐकून नेमकं उलटं वाटतं, हा भाग वेगळा.

लसावि पाटीवर रुक्ष वाटतो, तबल्यावर नाही. त्रितालाच्या 16 मात्रांत (मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका) सहा मात्रांचा बोल समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, सलग वाजवत राहिलं, तर त्याचा आरंभ पुन्हा समेवर येतो 48 मात्रांनी, तीन आवर्तनांनंतर, म्हणजे तालाच्या तीन फेऱ्यांनंतर. पाच मात्रांचा बोल घ्या, पाच आणि सोळा सहमूळ (1 सोडून सामाईक विभाजक नाही), आता थेट 80 मात्रा.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तिच्यात हिशेबाला एक मात्रा वाढते, कारण शेवटचा धा पुढच्या समेवर पडायचा असतो. समेपासून समेपर्यंत त्रितालात 17 मात्रा: पाच, एक दम (तुकड्यांमधला थांबा), पाच, एक दम, पाच. बेदम, म्हणजे दमाशिवाय, हवी असेल तर दोन आवर्तनं घ्यावीत: 32 अधिक 1, तेहतीस, अकरा-अकराचे तीन तुकडे. झपतालाच्या (10 मात्रा) दोन आवर्तनांत 21, सात-सात. रूपकाच्या (7 मात्रा) दोन आवर्तनांत 15, पाच-पाच.

बारा मात्रांच्या एकतालात मात्र हे जमत नाही. 12 ला तीनने भाग जातो म्हणून 13, 25, 37, काहीही घ्या, तीनने भागताना एक उरतोच. चार आवर्तनं घ्या, दुगुन (दुप्पट लय) करा, तोच एक. वाटणीत इतका उपयोगी पडणारा बारा इथे आडवा येतो. दम घेतला तर सुटतं: तीन, दोन दम, तीन, दोन दम, तीन. दम नको असेल तर सम सोडून दुसऱ्या मात्रेवरून उचलावं. तिथून पुढच्या समेपर्यंत, सम धरून, बरोबर 12 मात्रा मिळतात. चार, चार, चार.