मातारिकी: ऑकलंडच्या टेकडीवर कृत्तिकांच्या उदयाची पहाट

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांचे नववर्ष ऐन हिवाळ्यात सुरू होते. मे महिन्यात कृत्तिकांचा पुंजका पश्चिम क्षितिजाखाली दिसेनासा होतो आणि जून-जुलैमध्ये तो पहाटेच्या अंधारात ईशान्येला पुन्हा उगवतो. या पुंजक्याला माओरी लोक मातारिकी म्हणतात. मात्र तारे दिसले की लगेच वर्ष बदलले, असे होत नाही. पिपिरी नावाच्या चांद्रमासात, चंद्र वद्य अष्टमीच्या आसपास आला म्हणजे तांगारोआच्या, म्हणजे समुद्रदेवाच्या नावाच्या, रात्री सुरू होतात आणि त्या रात्री सरताना जी पहाट होते, तीच तारे पाहण्याची वेळ मानली जाते. त्यामुळे आपल्या सणांप्रमाणे मातारिकीचीही इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. न्यूझीलंडने २०२२ मध्ये कायदा करून या दिवसाला राष्ट्रीय सुट्टी दिली आणि २०५२ पर्यंतच्या तारखा त्या कायद्यातच नोंदवून ठेवल्या.

त्या पहाटेच्या विधीला मी ऑकलंडमधील ताकापराफाउ या टेकडीवर उभी होते. इंग्रजीत तिला बॅस्टियन पॉइंट म्हणतात. खाली वाइतेमाता बंदराचे काळे पाणी आणि पलीकडे रांगितोतो या ज्वालामुखी बेटाची रेषा दिसते. ही भूमी न्गाती फातुआ ओराकेइ या माओरी समाजाची आहे. त्यांच्याकडून टप्प्याटप्प्याने जमीन जात राहिली आणि उरलेल्या या टेकडीवरही महागडी घरे बांधण्याचा सरकारचा बेत जाहीर झाला, तेव्हा जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी ५ जानेवारी १९७७ रोजी येथे ठाण मांडले. ५०६ दिवस ते हटले नाहीत. २५ मे १९७८ रोजी पोलीस आणि सैन्य यांनी टेकडी रिकामी केली व २२२ जणांना अटक झाली. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, सरकारने ही जमीन परत करण्याचे मान्य केले. ज्या गवतावर आम्ही पाहुणे म्हणून उभे होतो, ते गवत असे राखलेले आहे. हे माहीत असले म्हणजे यजमानांच्या स्वरातील ठामपणा वेगळ्या तऱ्हेने कानावर येतो.

आकाश त्या दिवशी स्वच्छ होते. मातारिकी शोधण्याची रीत येथे लहान मुलांनाही शिकवतात: आधी ताउतोरु हे एका ओळीतील तीन तारे पाहायचे, तेथून डावीकडे ‘ते कोकोता’ हा त्रिकोणी समूह गाठायचा आणि आणखी डावीकडे सरकले की मातारिकी. मला ही वाट ओळखीची होती, कारण ताउतोरु म्हणजे आपल्या मृगाच्या पोटातील बाण आणि ‘ते कोकोता’च्या जागी आपली रोहिणी आहे. फक्त दक्षिण गोलार्धात हे सारे उलटे दिसते. लहानपणी गच्चीवर पाठ केलेला क्रम पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अंधारात जसाच्या तसा उपयोगी पडला, याचा मला झालेला आनंद शब्दांत नीट मांडता येत नाही.

माओरी परंपरेत या पुंजक्यातील नऊ ताऱ्यांना नावे आणि कामे आहेत. मातारिकी ही आई, आरोग्य आणि कल्याण यांच्याशी जोडलेली. तुपुआनुकु जमिनीत पिकणाऱ्या अन्नाची, तुपुआरांगी वरून मिळणाऱ्या अन्नाची, म्हणजे फळांची आणि पक्ष्यांची. वाइती गोड्या पाण्याची, वाइता समुद्राची, वाइपुना-आ-रांगी पावसाची, उरुरांगी वाऱ्यांची. हिवा-इ-ते-रांगीकडे येत्या वर्षाच्या इच्छा सांगायच्या. पोहुतुकावा मात्र मृतांची. कोणता तारा तेजस्वी आहे आणि कोणता धूसर, यावरून वर्षाचे पीक, मासळी आणि हवामान यांचा अंदाज जाणकार बांधतात. नऊपैकी तीन तारे थेट पाण्याचे आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विधीची सुरुवात मृतांपासून होते. तारामाइनुकु नावाचा नावाडी आकाशातील एका मोठ्या होडीतून रोज रात्री आपले जाळे टाकतो आणि त्या दिवशी मरण पावलेल्यांना गोळा करतो, अशी कथा आहे. या होडीच्या पुढच्या टोकाला मातारिकी असते आणि मागच्या टोकाला ताउतोरु. होडी क्षितिजाखाली जाते, तेव्हा मृतांना पाताळात नेते, आणि मातारिकी पुन्हा वर आली की त्या सर्वांना आकाशात मुक्त करते व ते तारे होतात. म्हणून त्या पहाटे, गेल्या वर्षभरात गेलेल्यांची नावे पोहुतुकावाकडे पाहून मोठ्याने उच्चारली जातात. एक नाव, मग थोडा थांबा, मग दुसरे. काहींचा आवाज मध्येच तुटत होता आणि कोणी त्यांना गप्प करत नव्हते की घाईही करत नव्हते.

माझी आत्या एप्रिल २०२१ मध्ये गेली. त्या महिन्यात न्यूझीलंडने भारतातून येणाऱ्यांना काही काळ प्रवेश थांबवला होता, आणि येथून गेले असते तर मुलांकडे परत कधी येता येईल याची खात्री नव्हती. मी तिचे दिवसकार्य दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिले. परक्यांनी आपल्या माणसाचे नाव घेतले तर चालेल का, असे मी शेजारी उभ्या असलेल्या वयस्क माओरी बाईंना आधी विचारले होते, आणि त्यांनी काही न बोलता माझा हात धरून मला पुढे उभे केले. मी आत्याचे नाव घेतले. ते गेल्या वर्षातले नव्हते, पण कोणी हिशेब मागितला नाही. परदेशी राहणाऱ्या ज्या कुणाला आपल्या माणसाच्या अखेरच्या क्षणी पोहोचता आले नाही, त्याला या विधीचे मोल मी वेगळे सांगायला नको.

त्यानंतर ताऱ्यांना नैवेद्य. जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिजवलेले अन्न उघडले जाते आणि त्याची वाफ वर जाते. या विधीला हाउतापु म्हणतात. अन्नाशी संबंध असलेल्या चार ताऱ्यांसाठी चार पदार्थ असतात: तुपुआनुकुसाठी रताळे, तुपुआरांगीसाठी पक्ष्याचे मांस, वाइतीसाठी गोड्या पाण्यातील वाम आणि वाइतासाठी समुद्रातील मासा. प्रत्येक ताऱ्याचे नाव घेऊन मंत्र म्हटला जातो आणि वाफ थंड हवेत वर चढते. ताऱ्यांनी वर्षभर आपल्याला खाऊ घातले, आता ते थकले आहेत, म्हणून त्यांना आपण खाऊ घालायचे, असा त्यामागचा भाव आहे. देवाकडे मागण्याआधी त्याच्या श्रमांची काळजी करणारी ही भूमिका मला फार थोर वाटते.

हे ज्ञान सहज टिकलेले नाही. १९०७ मध्ये येथील संसदेने तोहुंगा, म्हणजे माओरी विद्येचे जाणकार व उपचारक, यांच्या कामावर बंदी घालणारा कायदा केला आणि तो १९६२ पर्यंत लागू होता. बरेचसे ज्ञान त्या काळात घरांच्या आत गेले. माओरी खगोलविद्येचे अभ्यासक प्राध्यापक रांगी मातामुआ यांच्या पूर्वजांनी १८९८ मध्ये ताऱ्यांविषयी लिहायला सुरुवात केलेले सुमारे चारशे पानांचे हस्तलिखित असेच कपाटात राहिले आणि पुढे आजोबांकडून त्यांच्या हाती आले. त्यात सुमारे हजार ताऱ्यांची नावे आहेत. हेच मातामुआ पुढे मातारिकीविषयी सरकारचे मुख्य सल्लागार झाले. ज्या विद्येला एका कायद्याने दडपले, तिच्याच आधारे दुसऱ्या कायद्यातील तारखा ठरल्या, हा न्याय उशिराचा आहे, पण खरा आहे.

सुट्टी मिळाली की बाजारही येतो, ही भीती येथे उघडपणे बोलली जाते. काही नगरपालिकांनी मातारिकीला आतषबाजी ठेवली, तेव्हा मातामुआ यांनी ती टाळण्याचे आवाहन केले. पाणी, वारा आणि आकाश यांचा मान राखण्याच्या दिवशी धूर आणि राख उडवणे योग्य नाही, हे म्हणणे मला पूर्णपणे पटते. आपल्याकडच्या विसर्जनाच्या नद्या पाहिलेल्या माणसाला तर ते अधिकच पटावे.

ज्यांचे आईवडील जून-जुलैमध्ये येथे येणार असतील, त्यांनी त्यांना अवश्य न्यावे. २०२६ मध्ये सुट्टी १० जुलैला आहे आणि २०२७ मध्ये २५ जूनला. विधी लोकांसाठी खुला आहे की नाही, हे त्या त्या माओरी समाजाच्या सूचनेत पाहून घ्यावे. मंत्र सुरू असताना छायाचित्रे काढू नयेत आणि भ्रमणध्वनीचा उजेड बंद ठेवावा, कारण त्याने यजमानांचा अवमान होतो आणि तारेही दिसेनासे होतात. गरम कपडे, कानटोपी आणि ज्येष्ठांसाठी घडीची खुर्ची बरोबर असावी. विधीनंतर सर्वांना जेवण असते. ते नाकारू नये, आणि मांसाहार चालत नसेल तर रताळे मागून घ्यावे.