मशीन पाणी सोडत नाहीये? आधी पंप बघा, पीसीबीचं नंतर

फ्रंट लोड मशीन बंद पडलं की मी पहिली गोष्ट बघते ती म्हणजे पाणी कुठे अडलंय. आत यायचं अडलंय की बाहेर जायचं? स्क्रीनवर कोड काहीही येऊ दे, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि मॅन्युअलमध्ये सापडतो, पण घरच्या मशीनचे कितीतरी बिघाड नळापासून ड्रेन पाइपपर्यंतच्या वाटेवरच असतात आणि ते बघायला एक परात, एक पक्कड, स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरतं. मल्टिमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर) असेल तर फारच छान.

आमचं मशीन सात किलोचं, वॉरंटी केव्हाच संपलेली, ड्राय बाल्कनीत उभं. कपडे धुतले जायचे नीट, पण स्पिन सुरू व्हायच्या आधी थांबायचं, आत पाणी तसंच, दार लॉक, आणि ड्रेनचा कोड. बघायला आलेल्या माणसाने मशीन उघडायच्या आधीच सांगून टाकलं की पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, साडेआठ हजार होतील. मला ते अजिबात पटलं नाही, कारण खाली पंपाचा घूंऽऽ असा आवाज येत होता. पंप आवाज करतोय म्हणजे बोर्ड त्याला करंट देतोय, त्याचं काम तो करतोय, मग पाणी हलत नाहीये तर भानगड पाण्याच्या बाजूला असणार ना. हा एवढा विचार तुम्हीसुद्धा कान लावून करू शकता. पंपाचा आवाजच येत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वायर, पंपाची कॉइल आणि मग बोर्ड या क्रमाने जायचं, पण आवाज येत असताना थेट बोर्डावर उडी मारणाऱ्याला पैसे देऊ नका.

सुरुवात फिल्टरपासून. प्लग काढायचा (नुसतं बटण बंद नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर), नळ बंद करायचा, गरम पाण्याचा प्रोग्राम चालू होता तर आधी पाणी निवू द्यायचं. पुढे खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत गोल फिल्टर आणि बऱ्याच मशीनमध्ये शेजारी एक बारकी नळी बूच लावलेली. आधी ती नळी परातीत सोडून बूच काढायचं. परात म्हणते कारण मशीन आणि जमीन यांच्यात बादली मावतच नाही, उथळ परात बरोबर सरकते. भरेल तशी बूच लावून परात रिकामी करायची, परत लावायची, कंटाळा येतो पण फिल्टर एकदम उघडला तर दहा-बारा लिटर पाणी बाल्कनीतून थेट हॉलमध्ये जातं. पाणी संपलं की फिल्टर डावीकडे फिरवून ओढून काढायचा. त्यात काय काय निघतं म्हणून सांगू, ब्लाउजचे हुक, साडीपिना, रुपयाची नाणी, केसांचे गुंते, टिकल्यांचा चिकटा, शाळेच्या शर्टाची बटणं. बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो. दार उघडत नसेल तर याच झाकणाच्या आत काही मशीनना एक दोरी किंवा पट्टी असते ती हळूच खाली ओढली की लॉक सुटतं, पण पाणी काढल्यानंतरच. आणि सायकल संपल्यावर लगेच दार उघडलं नाही म्हणून हिसके देऊ नका, पुष्कळ मशीनचं लॉक आतून गार व्हायला एक-दोन मिनिटं घेतं.

आमचा फिल्टर साफ केला तरी फरक नाही. मग टॉर्च मारून फिल्टरच्या भोकातून आत बघितलं, तिथे पंपाचं पातं दिसतं. पेन्सिलने ते फिरवून बघायचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, हे पातं पंख्यासारखं सुळकन फिरत नाही, अडखळत अडखळत टप्प्याटप्प्याने फिरतं, कारण आतला रोटर म्हणजे चुंबक आहे. ते अडखळणं म्हणजे पंप खराब असं समजून खूप लोक चांगले पंप बदलतात. अजिबातच हललं नाही तर काहीतरी अडकलंय, आणि काहीच अडथळा न येता गरगर फिरलं तर पातं दांड्यावरून सुटलंय.

आमचं फिरत होतं अडखळत, म्हणजे वरवर सगळं ठीक. मग बादलीची टेस्ट केली आणि ही टेस्ट मला सगळ्यात उपयोगाची वाटते. ड्रेन पाइप भिंतीवरून काढून बादलीत सोडला, नुसता ड्रेन-स्पिन प्रोग्राम लावला, पाणी धो धो आलं. पाइप तसाच धरून हळूहळू वर उचलला, गुडघ्यापर्यंत ठीक, कमरेपर्यंत आणला तर धार पार मेली. म्हणजे वाट मोकळी आहे, कोड बरोबर आहे, बोर्ड बरोबर आहे, पंपात पाणी वर चढवायची ताकद उरलेली नाही. पाइपचं तोंड भिंतीवर ज्या उंचीला लावलंय तिथपर्यंत त्याला पाणी ढकलता येत नव्हतं, बस.

मग पंप काढला. आमच्या मशीनला तो खालून काढता येतो, काहींना मागून किंवा पुढचं पॅनल काढून. मशीन तिरकं करायला दोन माणसं पाहिजेतच, आत काँक्रीटचे ठोकळे असतात, स्पिनच्या वेळी मशीन नाचू नये म्हणून मुद्दाम घातलेले, त्यामुळे साठ-सत्तर किलो वजन सहज भरतं. सोसायटीतल्या दादांना हाक मारली, मागे भिंतीला टेकवून खाली लाकडाची फळी दिली, नुसत्या हाताच्या आधारावर त्याच्याखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही. वायर काढायच्या आधी फोटो, होसची क्लिप पक्कडीने दाबून मागे, तीन स्क्रू, पंप हातात. पात्याच्या मागच्या बाजूला केस आणि सुती दोरा असा काही घट्ट गुंडाळला होता की त्याने घासून घासून बसायची जागाच झिजवलेली, पातं डुगडुगत होतं. मीटर लावला तर कॉइल दीडशे ओहमच्या आसपास, म्हणजे विजेच्या बाजूने पंप ठणठणीत. (साधारण शंभर ते दोनशेमध्ये दाखवलं तर कॉइल चांगली समजायची, मीटरने काहीच दाखवलं नाही तर जळाली.) नवा पंप हजाराच्या आत आला. पुण्यात असाल तर जुना पंप पिशवीत घालून बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला विचारत जा, तोंडी मॉडेल नंबर सांगण्यापेक्षा हे बरं, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे पंप आलेले असतात, त्यामुळे स्क्रूची भोकं, वायरचा कनेक्टर आणि वॅट तिन्ही जुळवून घ्यायचं. आणि नवा लावल्यावर पुन्हा तीच बादलीची टेस्ट, या वेळी कमरेच्या वर धरला तरी धार जोरात, मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी घरातले सगळे पडदे धुवून काढले.

पाइपच्या उंचीवरून आठवलं. माझ्या बहिणीचा नाशिकहून फोन, "ताई, मशीन नुसतं पाणी भरतंय, तासभर झाला, धुवायला सुरुवातच करत नाहीये, टाकी रिकामी होईल." मी म्हटलं, "ड्रेन पाइप कुठे सोडलायस?" तर बाथरूमच्या जाळीवर, जमिनीलाच. नव्या घरात ज्याने बसवलं त्याने तसंच ठेवलं होतं. असं केलं की कित्येक मशीनमध्ये वरून पाणी भरतं आणि खालून आपोआप ओढलं जाऊन निघून जातं, पंप बंद असतानासुद्धा, मशीनला वाटतं अजून भरलंच नाही. पाइपचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच पाहिजे, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो. तिला म्हटलं, "नळाच्या दांडीला दोरीने बांध आत्ता, प्लंबर नंतर बोलव." लगेच धुवायला लागलं. आणि पाइप सांडपाण्याच्या पाइपमध्ये खोल कोंबून टेपने हवाबंद करायचा नाही, हवेला जागा राहिली नाही तरी हेच होतं.

पाणी आत येत नसेल तर उलट बाजू. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर काकू राहतात, त्यांचं मशीन दर थोड्या दिवसांनी पाणी नाही म्हणून थांबायचं आणि नळाला तर पाणी असायचं. कारण साधं आहे, टाकी गच्चीवर, घर तिच्या अगदी खाली. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे १ बार प्रेशर, वरच्या मजल्यावर जेमतेम तीन मीटर मिळतात म्हणजे ०.३ बार, आणि बऱ्याच मशीनना तेवढं तर कमीत कमी लागतंच. त्यात इनलेट होसच्या टोकाला, मशीनच्या बाजूला, जी बारीक जाळी असते तिच्यात टँकरची वाळू. जाळी पक्कडीने हळू ओढून काढली, जुन्या टूथब्रशने नळाखाली घासली, काकूंचं काम झालं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की त्या आता स्वतःच काढून धुतात. प्रेशर खरंच कमी असेल तर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही.

पाण्याच्या जडपणाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये मशीन मरतात ती यानेच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी तापवलं की त्यातला चुना हीटरवर बसतो, पांढरा दगडी थर, जितकं गरम तितका जास्त. हीटरची उष्णता पाण्यात जात नाही, तो आतल्या आत तापतो आणि फुटतो. ओळखायचं कसं? मशीन सुरू होऊन थोड्या वेळाने घरातला ईएलसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो, पण थंड पाण्याच्या प्रोग्रामला पडत नाही, तर हीटरवर पहिला संशय घ्या. दोन हजार वॅटचा हीटर मीटरवर २६ ओहमच्या जवळपास दाखवतो, पण आकडा बरोबर आला तरी अंगात लीकेज असू शकतं, म्हणून हीटरची पिन आणि त्याची धातूची बॉडी यांच्यातही मोजायचं, तिथे मीटरने काहीच दाखवायला नको.

यावर औषध म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, किराणावाल्याकडे लिंबूसत्त म्हणून मिळतं ते. रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम, ६० डिग्रीचा प्रोग्राम, वर एकदा जास्तीचं रिन्स. पाणी फार जड असेल तर दोन-तीन महिन्यांनी करा. आणि हे नीट वाचा, लिंबूसत्त आणि ब्लीच एकत्र कधीही टाकायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाल्कनीत तो जिवावर बेतू शकतो.

वास येत असेल तर दाराचं रबर बोटाने उलटं करून आतली घडी पुसा, काळा चिकटा तिथेच असतो, आणि काम झालं की दार उघडं ठेवा. पावडर फ्रंट लोडचीच वापरा, टॉप लोडच्या पावडरचा फेस इतका होतो की पंप पाण्याऐवजी फेस ओढत बसतो आणि पुन्हा तोच ड्रेनचा कोड.

आवाजाचं म्हणाल तर आधी कपडे बघा. एकटी सोलापुरी चादर टाकली तर ती भिजून एका बाजूला गोळा होते आणि मशीन बाल्कनी हलवतं, सोबत दोन टॉवेल टाका. मग चारही पाय जमिनीला टेकलेत का बघा. घर बदललं असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे मशीन नेताना ड्रम हलू नये म्हणून लावतात ते, काढलेत का बघा (आणि शिफ्टिंगच्या आधी ते परत लावा, म्हणून टाकून देऊ नका). हे सगळं ठीक असेल आणि स्पिनला विमानासारखी घरघर येत असेल तर प्लग काढून, दार उघडून ड्रमचा वरचा काठ धरून वर-खाली करा. ड्रम आणि टब (ड्रमभोवतीची पाण्याची टाकी) मिळून एकत्र हलले तर ते स्प्रिंगवर झुलतंय, चिंता नाही. नुसता ड्रमच टबमध्ये खटखट हलला तर बेअरिंग गेलं.

बेअरिंग मी घरी करत नाही, आणि इन्व्हर्टर मशीनच्या पीसीबीलाही हात लावत नाही, प्लग काढल्यावरसुद्धा त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी काही वेळ राहू शकतो. मशीनला ओल्या हाताने झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, बाकी सगळं त्यानंतर. बेअरिंगला माणूस बोलवाल तेव्हा फोनवरच विचारा की या मॉडेलचा टब स्क्रूने उघडतो की वेल्ड केलेला आहे. स्क्रूचा असेल तर बेअरिंगसोबत ऑइल सीलही नवं घालायला सांगा आणि ड्रमच्या मागचा तीन हातांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर तडकलाय का ते उघडल्यावर स्वतः डोळ्यांनी बघा. वेल्ड असेल तर बहुतेक वेळा अख्खा टब बदलायचा खर्च सांगतात, तेव्हा तो आकडा लेखी घ्या आणि मगच हो म्हणा.